गाडी बंद पडते तेव्हा

भर रस्त्यात गाडी बंद पडली की माणूस आधी घाबरतो आणि मग खिसा चाचपतो. घाबरलेल्या माणसाला खर्चाचा निर्णय नीट घेता येत नाही. त्याविषयी आज थोडं बोलू.

वरळीच्या बीडीडी चाळींत, १६० चौरस फुटांच्या खोल्यांत, टॅक्सीवर पोट भरणारी कितीतरी कुटुंबं राहिली. खाली काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी उभ्या असत. मे महिन्याच्या उन्हात, सिग्नलला खोळंबून ही गाडी बंद पडे. इंजिनावरच्या पंपात पेट्रोलची वाफ होई आणि कार्ब्युरेटर उपाशी राही. टॅक्सीवाला बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकी, कटिंग चहा घेई, तोवर गाडी चालू होई. हा उपाय चाळीतल्या पोरांनाही ठाऊक होता. बिघाड डोळ्यांना दिसे, म्हणून खर्चाचाही अंदाज येई.

२० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईतून गेली. आजच्या गाड्या तिच्याहून भरवशाच्या आहेत. पण पंप टाकीच्या पोटात आणि इंजिनाचा कारभार संगणकाकडे. बिघाड झाला की संगणक एक कोड नोंदवतो. तो वाचायला यंत्र लागतं.

शेजारच्या एका तरुणाची कर्जावरची टॅक्सी अशीच बंद पडू लागली. तापली की बंद, निवली की चालू. एका गॅरेजवाल्याने कोड वाचून सेन्सर, पंप, संगणक, सगळंच बदलायला सांगितलं. आकडा ऐकून पोराचा चेहरा उतरला. गाडी गॅरेजात असली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. चाळीतले एक जुने टॅक्सीवाले काका त्याला म्हणाले, "बाळा, नक्की काय गेलंय आणि ते तपासलं कसं, एवढं विचार." दुसऱ्या मेकॅनिकने वायरिंग तपासलं. सेन्सरच्या जोडणीत गंज चढला होता. कोड खोटा नव्हता. पण अडचण कोणत्या वाटेवर आहे एवढंच कोड सांगतो. त्या वाटेवर सेन्सर बिघडला की वायर, हे माणसानेच तपासायचं असतं.

आता आपल्या हातात काय आहे? चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, निकामी होत नाहीत. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. धोक्याचे दिवे लावा, ब्रेक जोर लावून दाबून धरा आणि गाडी डावीकडे घ्या. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा चालू करून पाहू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. हा खर्च मोठा असतो आणि नेहमीच्या विम्यात तो बहुधा बसत नाही. इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

गॅरेजात अंदाजपत्रक लेखी मागा. सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. यात संकोच कसला? चांगल्या मेकॅनिकला असं विचारलेलं आवडतं. तो स्वतःच बोलावून बिघाड दाखवतो.