ज्येष्ठांची शुश्रूषा आणि शुश्रूषा करणारे हात

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुणांनी संस्थेच्या कार्याला उमेदीने हातभार लावला, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गोरेगावसारख्या गावातून मुले शिक्षणासाठी, व्यवसायासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे गेली आणि तेथेच स्थिरावली. मागे घर मोठे आणि माणसे दोन. त्यांपैकी एक अंथरुणाला खिळले, की दुसऱ्याचे सारे आयुष्य त्या अंथरुणाभोवती फिरू लागते. हा प्रश्न पैशाचा आहे असे मानले जाते. परंतु बऱ्याच अंशी तो माहितीचा आणि संकोचाचाही आहे.

साहाय्याची साधने आहेत, पण ती एका दारात नाहीत. एक सेनगावच्या तहसील कार्यालयात, दुसरे हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात, तिसरे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे. कोणते दार कोणाचे, हे विचारण्यासाठी १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक २०२१ साली देशभर सुरू झाला. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत ज्येष्ठांना अथवा त्यांच्यासाठी इतर कोणालाही तेथे मार्गदर्शन मिळते. हा क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा आहे.

तहसील कार्यालयामार्फत मिळणारे श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी आहेत. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक २१,००० रुपये असल्याने दुकान अथवा शेती असलेल्या घरांना ती बहुधा लागू होत नाही. याउलट २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही. सत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही आधार कार्डावरून ते काढता येते व वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. एका घरात दोन ज्येष्ठ असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. संपन्न घरांत हे कार्ड काढण्याचा संकोच दिसतो, तो अनाठायी आहे.

याहून अधिक संकोच २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याबद्दल आहे. मुलांविरुद्ध अर्ज करणे म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणे, ही भावना समजण्यासारखी आहे. म्हणूनच कायद्यातील दोन तरतुदी आधी माहीत असाव्यात. पहिली अशी की, निर्वाह न्यायाधिकरण अर्ज सुनावणीस घेण्यापूर्वी तो समेट अधिकाऱ्याकडे सोपवू शकते, म्हणजे थेट भांडणाऐवजी तडजोडीचा मार्ग तेथेच खुला आहे. अर्जदार स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्थाही त्याच्या वतीने अर्ज करू शकते. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

दुसरी तरतूद व्यापारी व शेतकरी कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावी. सांभाळ करण्याच्या अटीवर घर वा जमीन बक्षीसपत्राने दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. त्यासाठी ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे; केवळ मनातली अट सिद्ध करणे कठीण जाते. प्रेमाने दिलेल्या दानपत्रात एक ओळ वाढवल्याने प्रेम उणे होत नाही.

येथपर्यंतची सर्व साधने कचेरीत किंवा रुग्णालयात संपतात. रुग्ण घरी आला की त्याचा भार पत्नीवर, सुनेवर, क्वचित लेकीवर पडतो. हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर शय्याव्रण होतात. रात्रीही हे चुकत नाही. सुनेची झोप मोडते, कंबर धरते, माहेरचे लग्न हुकते. येणारे-जाणारे मात्र आजोबांची प्रकृती विचारतात, तिची नाही. जैन परंपरेने वैयावृत्त्याला अंतरंग तपात स्थान दिले आहे. पण ते तप एकटीनेच करावे असे कोठे सांगितले आहे? मन खचले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते, दिवसा अथवा रात्री.

उरलेले काम गावानेच करावयाचे आहे, आणि ते फार मोठ्या निधीचे नाही. चाकांची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी हे साहित्य अनामत घेऊन देता येईल. सेनगाव-हिंगोलीला कागदपत्रांसह सोबत जाणारे दोघे-तिघे तरुण, आणि दुपारचे दोन तास रुग्णाजवळ बसू शकतील अशा चार-पाच भगिनी, एवढ्यावर प्रारंभ होतो. संस्थेच्या कार्यालयात यासाठी एक वही असावी. तीत ज्येष्ठाचे नाव, वय, आजार व औषधे लिहावीतच. शेजारच्या रकान्यात त्याची शुश्रूषा कोण करते आणि ती व्यक्ती शेवटची घराबाहेर केव्हा पडली, हेही लिहावे.