गळकी घागर भरायची कशी?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावची डीपी जळाली. आठ दिवस गाव अंधारात आणि आमच्या गटाची पिठाची गिरणी बंद. बँकेचा हप्ता काही थांबत नाही. तो आम्ही बाराजणींनी पदरचे पैसे घालून भरला. मग बैठकीत विषय निघाला, डीपी जळाली का? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तारांवर आकडे फार झाले होते. खरं सांगायचं तर त्यातले दोन आमच्याच सभासदांच्या घरचे होते.

त्या दिवशी आम्ही वीज कंपनीचा हिशोब गटाच्या वहीसारखा मांडून पाहिला. २००५ साली जुन्या वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यातली महावितरण आपल्या घरापर्यंत वीज आणते. ती सरकारी, म्हणजे आपलीच. ती वीज विकत घेते आणि आपल्याला विकते. तिचा सगळ्यात मोठा खर्च वीजखरेदीचा. आपण बिल भरो न भरो, तिला ते पैसे द्यावेच लागतात. गटात चौघींनी हप्ते थकवले की पाचवीला कर्ज मिळत नाही, तसंच हे. पैसा आला नाही की जुन्या तारा बदलत नाहीत, दुरुस्ती रखडते, वीज जाते. मग लोक म्हणतात, वीजच नाही तर बिल कशाला भरायचं?

बाहेरून पैसे ओतून हे सुटत नाही. २०१५ साली केंद्राची 'उदय' योजना आली. राज्यांनी वीज कंपन्यांचं बरंचसं कर्ज आपल्या अंगावर घेतलं. तरी कितीतरी कंपन्या पुन्हा कर्जात गेल्या. घागर गळकी असेल तर कितीदा भरणार?

कुणी म्हणेल, शेतीची वीज तर मोफत आहे. हो, २०२४ पासून आपल्या राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत आहे. पण त्याचे पैसे सरकारनं कंपनीला द्यायचे असतात. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६५ सांगतं की अशी सवलत दिली तर रक्कम आगाऊ द्यावी. म्हणून मत मागायला येणाऱ्यांना आपण विचारायचं, "ते पैसे वेळेवर पोचले का?"

आपलाही हक्क आहे. दर महिन्याला मीटरचं रीडिंग वहीत लिहा आणि बिलाशी ताडून पाहा. बिल चुकीचं वाटलं तर गप्प बसू नका, थकवूही नका. लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. थकबाकीसाठी तोडायची झाली तरी आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. हे त्याच कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे.

आणि वसुलीचं काम बायका करू शकतात. उत्तर प्रदेशात २०२० पासून बचत गटांच्या बायका 'विद्युत सखी' म्हणून घरोघर जाऊन सरकारी कंपनीची बिलं मोबाइलवर भरून घेतात. त्यांना त्यावर कमिशन मिळतं. बिल भरायला तालुक्याला जायचा गावकऱ्यांचा हेलपाटाही वाचतो. कर्जाचा हप्ता कसा मागायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

आता त्या दोन आकड्यांचं सांगतो. एकीनं मीटर घेतलं. दुसरीचे मालक म्हणाले, "सगळं गाव टाकतं, मीच काय पाप केलं?" आम्ही तिला गटातून काढलं नाही. मीटरची अनामत गटातून कर्जाऊ द्यायची ठरवली. तिच्या घरी अजून बोलणं चालू आहे. पुढच्या बैठकीत तुम्हीही हा विषय घ्या. सुरुवात आपल्याच घरच्या तारेपासून करा.