गुण हे दान नव्हे, देणे आहे



गणित अध्यापकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी तुम्हा सर्वांची ऋणी आहे. ३१ वर्षे मी मराठी माध्यमाच्या शाळांत नववी-दहावीला बीजगणित शिकवले. अध्यक्षाने गणिताच्या थोर परंपरेबद्दल बोलावे अशी आपली रीत आहे. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. तरी आज मी सहामाहीनंतर आणि मार्चमध्ये आपल्या टेबलावर येऊन पडणाऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याबद्दल बोलणार आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट सांगते. सहामाहीच्या बीजगणिताच्या उत्तरपत्रिका मी वर्गात परत दिल्या. मधल्या सुट्टीत दोन मुली माझ्याकडे आल्या. एक वर्गात पहिली येणारी, दुसरी काठावर पास होणारी. चार गुणांच्या एका उदाहरणात दोघींची एकाच पायरीवर एकच चूक झाली होती. पहिलीला मी तीन गुण दिले होते, दुसरीला एक. दुसरी मुलगी म्हणाली, "बाई, माझे गुण वाढवू नका. फक्त माझं आणखी कुठे चुकलं, ते सांगा." तिचे आणखी कुठेच चुकले नव्हते. हुशार मुलीची चूक मला घाईतली वाटली होती आणि हिची चूक अज्ञानातली. समोरचा कागद सारखाच होता. नाव वाचून मी तो वेगळा वाचला. त्या दिवशी मी तिचे गुण दुरुस्त केले आणि तिची माफी मागितली. पण तिच्याआधी माझ्या हातून किती मुलांचे असे झाले असेल, हा प्रश्न माझी पाठ आजही सोडत नाही.

आपण 'गुणदान' असा शब्द वापरतो. तो मला खटकतो. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. त्याने कमी दिले तरी घेणाऱ्याला तक्रार करता येत नाही. मुलाने पायरी बरोबर लिहिली की त्या पायरीचा गुण त्याचा झाला. आपण तो फक्त त्याच्या पदरात पोचवायचा असतो. गुण हे आपल्या अंगावरचे देणे आहे, आणि देणे सगळ्यांचे सारख्या मापाने फेडायचे असते. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच.

कोणी म्हणेल, हा प्रश्न निबंधाच्या पेपरात येतो. गणितात उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक. हा समज खोटा ठरून शंभराहून अधिक वर्षे झाली. १९१३ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी कुणी २८ गुण दिले, तर कुणी नव्वदीच्या पुढे. पुढे १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये फिलिप हारटॉग आणि र्‍होड्स यांनी परीक्षकांचीच परीक्षा घेतली. हे हारटॉग आपल्याला परके नाहीत. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या समितीचा १९२९चा अहवाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या दोघांनी इतिहासाच्या एकदा तपासून झालेल्या उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासायला दिल्या. २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. म्हणजे दोन परीक्षकांचे एकमत होणे दूरच राहिले, परीक्षकाचे स्वतःशीही अनेकदा एकमत झाले नाही. ते परीक्षक आळशी किंवा अप्रामाणिक नव्हते. प्रामाणिक माणसाच्या हातूनही असे होते, म्हणूनच तपासणीला पद्धत लागते.

आता आपल्या गठ्ठ्याकडे येऊ. दोन चलांतील रेषीय समीकरणांवरचे एक साधे उदाहरण घ्या. चार वह्या आणि तीन पेन यांची किंमत १७० रुपये. तीन वह्या आणि चार पेन यांची किंमत १४५ रुपये. प्रत्येकाची किंमत काढा. गुण चार. मुलगा वहीला क्ष आणि पेनाला य धरतो, दोन्ही समीकरणे बरोबर मांडतो. त्यांची बेरीज करून, सातने भागून, क्ष अधिक य बरोबर ४५ असे मिळवतो. मग वजाबाकी करताना १७० मधून १४५ वजा करतो. दशक उसना घेतो, पण सातातला एक कमी करायला विसरतो आणि २५च्या जागी ३५ लिहितो. पुढचे सगळे चोख आहे: क्ष ४०, य ५. वही ४० रुपयांना, पेन ५ रुपयांना. खरे उत्तर ३५ आणि १०.

याला किती गुण? हा प्रश्न मी अनेक शिक्षकांना विचारला आहे. "उत्तर चूक, एक गुण पुष्कळ झाला," असे म्हणणारे भेटले. "चुकीनंतरचे काही बघायचेच नाही," म्हणून दोन देणारे भेटले. "रीत कळली आहे, साडेतीन द्या," म्हणणारेही भेटले. माझे उत्तर तीन आहे. समीकरणे मांडण्याचा एक, बेरजेच्या समीकरणाचा एक, वजाबाकीच्या समीकरणाचा एक आणि त्या दोहोंवरून किमती काढण्याचा एक, असे चार गुण धरले तर त्याचा फक्त तिसरा जातो. चौथ्या पायरीवर त्याने जे करायला हवे होते ते स्वतःच्या आकड्यांवर बिनचूक केले आहे. एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी. उसन्याच्या एका घसरणीसाठी दोनदा गुण कापणे म्हणजे एकाच कर्जाचे व्याज दोनदा वसूल करणे.

या नियमालाही मर्यादा आहे. संभाव्यतेच्या उदाहरणात आकडेमोड चुकून उत्तर एकापेक्षा मोठे आले आणि मुलाने ते निमूटपणे लिहून खाली रेघ मारली, तर शेवटच्या पायरीचा गुण मी देणार नाही. संभाव्यता एकाहून मोठी असू शकत नाही, हे त्या धड्याचे मर्मच आहे. तसेच, क्ष वर्ग बरोबर पाच क्ष या समीकरणात मुलाने दोन्ही बाजूंना क्ष ने भागून फक्त क्ष बरोबर ५ असे लिहिले, तर शून्य हे मूळ हरवले. ही उसन्याची चूक नव्हे. ज्या संख्येने भागतो ती शून्य असू शकते, हे त्याच्या ध्यानात आलेले नाही. आकडेमोडीची चूक, उदाहरण उतरवून घेतानाची चूक आणि संकल्पनेची चूक यांचे वजन वेगवेगळे आहे. ते वजन तपासणीला बसण्याआधी ठरायला हवे. लाल पेन हातात घेतल्यावर ठरवले, तर ते दर पानाला बदलते.

आणखी एक मूल समीकरणे मांडतच नाही. अंदाजाने वही ३५ आणि पेन १० धरते, दोन्ही अटींत घालून पडताळून दाखवते. त्याला काय द्यायचे? प्रश्नात "समीकरणे मांडून सोडवा" असे म्हटले असेल, तर मांडणीचे गुण जातील. म्हटले नसेल, तर त्याने प्रश्नाचे काम केले आहे. हीच गोष्ट क्रेमरच्या पद्धतीची आणि वर्गसमीकरण सूत्राने की अवयव पाडून सोडवायचे याची. प्रश्नपत्रिकेत जे मागितले नाही त्यासाठी उत्तरपत्रिकेत गुण कापणे हा अन्याय आहे. हा अन्याय तपासणीत दिसतो, पण त्याचे मूळ प्रश्न काढणाऱ्याच्या निष्काळजीपणात असते.

मग करायचे काय? माझ्या अनुभवात टिकलेल्या चार गोष्टी सांगते. पहिली: मी एक उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासणे सोडून दिले. सगळ्या गठ्ठ्यातला पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. त्यामुळे एका प्रश्नाचे माप डोक्यात ताजे राहते आणि आधीच्या पानावरचे चांगले-वाईट मत पुढच्या पानावर सांडत नाही. दुसरी: नाव दुमडून ठेवायचे आणि दर प्रश्नानंतर गठ्ठा फिरवून घ्यायचा. दहा सुरेख उत्तरपत्रिकांनंतर आलेली बरी उत्तरपत्रिकाही फिकी वाटते. नेहमी त्याच मुलाची पाळी शेवटी यायला नको. तिसरी: शेजारी एक वही ठेवायची. आदर्श उत्तरपत्रिकेत नसलेली पद्धत किंवा नवी चूक दिसली की निर्णय तिथे लिहायचा, आणि पुढे तसेच उत्तर आले की वही उघडायची. चौथी: गठ्ठा संपला की सुरुवातीच्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहायच्या. तोवर आपले माप सरकलेले असते.

याला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की तपासणीच्या दिवसांत गणिताच्या शिक्षकांना तासभर एकत्र बसू द्यावे. त्यांनी चार-पाच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासाव्यात, गुण शेजारी शेजारी मांडावेत आणि फरकावर बोलावे. राज्य मंडळाच्या परीक्षेत परीक्षकावर मॉडरेटर असतो, त्याच्यावर चीफ मॉडरेटर असतो. ही उतरंड चांगली आहे. पण मॉडरेटरने गुणांची बेरीज तपासून थांबू नये. कुठल्या चुकीला किती गुण, याचे एकच माप पुण्यात आणि लातुरात, कोकणात आणि नागपुरात चालते आहे का, हे त्याने पाहावे. मंडळाने परीक्षेनंतर तपासणीची सविस्तर गुणयोजना शाळांना खुली करावी, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करते.

एकेकाळी उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवण्याची गरज नाही, असे मानले जाई. १९८४ साली आपल्याच राज्य मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची ही भूमिका मान्य केली होती. २०११ मध्ये, माहिती अधिकाराच्या कायद्यानंतर, त्याच न्यायालयाने उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला. आज दहावीच्या मुलाला छायाप्रत मिळते आणि तो पुनर्मूल्यांकन मागू शकतो. काही सहकाऱ्यांना हे अविश्वासाचे वाटते. मला वाटत नाही. ज्या मुलीने मला "कुठे चुकलं?" असे विचारले होते, तिचाच प्रश्न आता कायद्याने विचारता येतो. त्याचे उत्तर प्रत्येक अर्ध्या गुणाशेजारी असले पाहिजे.

बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा असतो. पस्तीस टक्क्यांच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या आयुष्यात त्यातला एक गुण म्हणजे एखादे वर्ष असू शकते. कुणाच्या आयुष्यात तो शिक्षण सुटणे किंवा लग्न ठरणे असतो. मी मुलांवर दया करा असे म्हणत नाही. दयेने दिलेला गुण शेजारच्या बाकावरच्या मुलाला मिळत नाही, आणि तोही अन्यायच आहे.

बंधुभगिनींनो, परत गेल्यावर तुमच्याकडचा शेवटचा गठ्ठा उघडा. त्यातल्या पाच उत्तरपत्रिका आधीचे गुण झाकून पुन्हा तपासा. फरक आला तर मुलाचे गुण दुरुस्त करा, आणि तो का आला ते वहीत लिहा. त्या वह्या घेऊन पुढच्या वर्षी आपण पुन्हा भेटू.