पावसाळ्यात शेळीची पापणी पाहा
(केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम येथे दिलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अधिव्याख्याता, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण शेळीच्या पोटात जंत जातात ते गवतावरून, आणि गवत हा माझा विषय आहे.

पेरण्या आटोपल्या की शेते अडतात आणि गावातील सारी जनावरे ई-क्लासवर व धुऱ्यावर येतात. तेच गवत, त्यावरच लेंड्या, वरून ओल आणि ऊब. लेंडीतील अंड्यांतून साधारण आठवड्यात अळ्या तयार होऊन ओल्या पात्यावर चढतात. बहुतेक अळ्या जमिनीपासून तीन बोटांच्या आत असतात. शेळीच्या चौथ्या पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत त्यांचे रक्त पिणारे जंत होतात. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते.

आपण हगवणीची वाट पाहतो, तिथेच फसतो. या जंताने हगवण लागतेच असे नाही. आमच्याच घरी एका शेळीच्या जबड्याखाली संध्याकाळी सूज दिसायची, सकाळी ओसरायची. काटा लागला असेल म्हणून आम्ही लेप लावत बसलो. शेळी गेली. ते रक्त कमी झाल्यामुळे साचलेले पाणी होते.

म्हणून पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी खालची पापणी उलटून पाहा. आतील रंग लालभडक असेल तर औषधाची गरज नाही. फिकट वा पांढरा असेल तर त्याच दिवशी औषध द्या. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ता तयार झाला. सरसकट सर्व शेळ्यांना वारंवार औषध पाजले, तर औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात व वाढतात. मोजक्याच शेळ्यांना दिले, तर औषधाला बळी पडणारे जंतही कळपात टिकून राहतात.

चराईचे म्हणाल तर दव उडाल्यावरच शेळ्या सोडा. गवत बुडख्यापर्यंत खुडू देऊ नका. बोर, बाभळीचा पाला उंचावर बांधून द्या. त्यावर अळ्या नसतात. सोयाबीन निघालेले शेत पावसाळाभर चरलेले नसते, तेथे प्रथम करडांना चरू द्या.

औषधाची मात्रा अंदाजाने नव्हे, वजनावर ठरवा. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, निर्ढावतात. मेंढीची मात्रा शेळीला अनेकदा अपुरी पडते, म्हणून पशुवैद्यकाला विचारा. आणि नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल देऊ नका.