नाटक पडद्यावर येते तेव्हा
(गणेशोत्सवातील भाषण)



मंडळाने मला 'नाटक आणि सिनेमा' असा विषय दिला आहे. तो फार मोठा आहे, म्हणून थोडा आखूड करून घेतो. गाजलेली नाटके पडद्यावर येतात तेव्हा त्यांचे काय होते, एवढ्यापुरतेच बोलेन.

हा प्रश्न पुण्या-मुंबईकरांपेक्षा आपल्याला, म्हणजे भिलाईत स्थायिक झालेल्यांना, जास्त जवळचा आहे. पुण्याच्या माणसाला सिनेमा रुचला नाही तर तो नाट्यगृहात जाऊन नाटक बघेल. आपल्याकडे नाटक येणार वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तेही वर्गणी जमली तर! त्यामुळे आपल्या मुलांच्या लेखी 'नटसम्राट' म्हणजे नाना पाटेकर आणि 'कट्यार' म्हणजे सचिन व शंकर महादेवन. सिनेमाने जे गाळले ते त्यांच्यापुरते गेलेच.

आता तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. नाटक 1967 चे. हौशी नटांची एक मंडळी प्रयोगासाठी खेड्यातल्या एका हॉलमध्ये येते आणि वेळ घालवायला खोटा खटला चालवते. दाराच्या कडीत बेणारेबाईंचे बोट सापडते ते सुरुवातीलाच. आपण हसतो आणि विसरतो. पुढे खटला अंगावर येतो, बाई निघून जायला धावतात, तर तीच कडी बाहेरून अडकलेली. त्या क्षणी प्रेक्षकही त्या खोलीत कोंडला जातो, कारण दुसरी जागा त्याने पाहिलेलीच नसते. हे रंगमंचाचे बळ. कॅमेऱ्याला मात्र बाहेर जायची सवय. सत्यदेव दुबे यांनी 1971 मध्ये यावर चित्रपट केला, पटकथा तेंडुलकरांचीच आणि बेणारे रंगभूमीवरच्याच सुलभा देशपांडे. मिळाला तर जरूर बघा, पण आधी नाटक वाचा. कोंडलेपण कागदावरही जाणवते.

'नटसम्राट'वर जरा रेंगाळतो. 1970 मध्ये धी गोवा हिंदु असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले. गणपतराव बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. 2016 मध्ये महेश मांजरेकरांनी चित्रपट केला आणि त्यात विक्रम गोखल्यांसाठी रामभाऊ नावाचे एक पात्र घातले, जे मूळ नाटकात नाही. पुष्कळ जाणकारांनी नाके मुरडली. मी नाही मुरडली. कारण असे पहा, रंगमंचावर नट स्वगत म्हणतो तेव्हा तो एकटा नसतो, समोर सातआठशे माणसे अंधारात श्वास रोखून बसलेली असतात. पडद्यावर ती नाहीत. तिथे माणूस मोठमोठ्याने एकटाच बोलू लागला की ते विचित्र दिसते. त्याला ऐकणारा कोणी तरी लागतो, आणि रामभाऊ हा तो ऐकणारा, म्हणजे एका अर्थी तुम्ही-आम्हीच. दोन म्हाताऱ्या नटांचे ते प्रसंग मला चित्रपटात सर्वांत खरे वाटले. उलट जिथे नाटकातली लांब भाषणे जशीच्या तशी ठेवली आहेत तिथे कॅमेऱ्याला काही कामच उरत नाही, तो नुसता तोंडाजवळ जाऊन उभा राहतो.

गंमत म्हणजे या नाटकामागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' आहे, आणि त्याच लिअरवर जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांनी 1985 मध्ये 'रान' केला. शिरवाडकरांनी राज्याचे घर केले आणि शब्दांचे वैभव मराठीत नव्याने उभे केले. कुरोसावांनी मुलींचे मुलगे केले, शेक्सपिअरचे शब्द जवळपास सगळे सोडले, आणि म्हाताऱ्याचे वेड जळत्या किल्ल्यातून दाखवले. नाटकाशी इमान राखायला शब्द सोडावे लागतात, हे पचायला आपल्याला जड जाते. आपले नाटक कानाचे ना!

कानाचेच म्हणाल तर 'कट्यार काळजात घुसली'. दारव्हेकरांच्या या नाटकात 1967 पासून वसंतराव देशपांडे खाँसाहेब होत. तबल्यावर हात बसला आणि प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला की पद किती रंगेल याला धरबंद नसे. सुबोध भावे यांच्या 2015 च्या चित्रपटात पदे मिनिटांत बांधली गेली. ते अटळच होते. पण खाँसाहेब आणि पंडितजी यांचा आधीचा स्नेह चित्रपटाने डोळ्यांपुढे घडवला, म्हणून पुढचे वैर जास्त लागते. एका हाताने घेतले, दुसऱ्याने दिले. शिवाय थिएटरमध्ये कॉलेजची पोरे नाट्यपद ऐकत बसली, हे काही लहान काम नव्हे.

आणि आपल्या अंगणातले उदाहरण सांगायलाच हवे. हबीब तन्वीर रायपूरचे. त्यांच्या 'चरणदास चोर'वर श्याम बेनेगल यांनी 1975 मध्ये चित्रपट केला, इथेच छत्तीसगडमध्ये, तन्वीरांच्या लोककलाकारांना घेऊन. राजकन्या स्मिता पाटील. ते नाटक मुळात भिंतींचे नव्हतेच, त्यामुळे उघड्या माळावर येताना त्याला काही तोडावे लागले नाही. कोंडलेल्या खोलीच्या नाटकाला जे जमत नाही ते नाचा करणाऱ्यांना सहज जमले. आपल्यातल्या किती जणांनी तो पाहिला आहे? हात वर करा. बघा, चार.

परवा आपल्या मुलांची तालीम पाहिली. 'नटसम्राट'चा प्रवेश छान बसवला आहे, पण नानांच्याच लकबीत, आणि मान खाली घालून, जणू कॅमेरा समोर आहे. मागच्या ओळीतल्या आजोबांना काय ऐकू जाणार? मी विचारले, "नाटकाचे पुस्तक कुठे आहे?" तर म्हणाले, "काका, मोबाइलवर सिनेमा बघून लिहून घेतलंय." मुलांचा दोष नाही, मंडळाच्या कपाटात पुस्तकच नाही. माझ्याजवळची प्रत मी आज आणली आहे, कडा झिजल्या आहेत पण पाने सगळी आहेत. प्रयोगाला अजून चार दिवस आहेत. पोरांनो, कार्यक्रम संपला की स्टेजमागे या, पहिला अंक मिळून वाचू.