पाहणारे डोळे

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आता परदेशी शिकावयास जातात, तेव्हा तेथील जीवनाविषयी आम्ही चार शब्द सांगावे, अशी कार्यवाहांची सूचना आहे. उत्तर इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आम्ही दोन वर्षे संशोधनार्थ राहिलो.

आठवडाभर प्रयोगशाळा, शनिवार उजाडला की सहाध्यायांसह पायी भटकंती. रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. 122 मध्ये बांधावयास घेतलेली भिंत तेथून जवळच. तिच्या दक्षिणेस व्हिंडोलँडा नावाचा रोमन तळ आहे. तेथील मातीत 1973 पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. एका पत्रात पायमोजे, वहाणा आणि दोन चड्ड्या पाठविल्याचे लिहिले आहे! एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो मजकूर वाचून आम्हांस घरून येणारा भाजणीचा डबा आठवला.

त्याच न्यूकॅसलच्या विद्यापीठातील एक प्रयोग आपणांस सांगावासा वाटतो. मानसशास्त्र विभागात चहा-कॉफीच्या पैशांसाठी पेटी असे. वसुलीस कोणी नाही. मेलिसा बेटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दरपत्रकावर एका आठवड्यास फुलांचे, तर दुसऱ्या आठवड्यास रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचे चित्र छापले. 2006 साली त्यांनी प्रसिद्ध केले, की डोळ्यांच्या आठवड्यांत खपाच्या मानाने जवळजवळ तिप्पट पैसे जमले. कागदावरचे डोळे ते! पुढे इतरांच्या प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे.

मुलगा घरी असता काका, आत्या, शेजारी यांचे डोळे त्याच्याभोवती असतात. परदेशी ते नसतात, म्हणून पालक धास्तावतात आणि रोज रात्री दूरध्वनीवर चेहरा पाहून हजेरी घेतात. परंतु डोळ्यांसमोर मनुष्य जसा नीट वागतो, तसा तो दुःखही झाकतो. परीक्षेत अपयश आलेले, एकाकीपणाने जेवण टाकलेले विद्यार्थी घरी 'सारे ठीक' म्हणून सांगताना आम्ही पाहिले आहेत. तेच शनिवारच्या पायवाटेवर मन मोकळे करीत. कारण तेथे बोलणाऱ्याची व ऐकणाऱ्याची, दोघांचीही दृष्टी पुढच्या वाटेवर असते.

तेव्हा मुलीने सहलीस जाते म्हटले, तर पैसे उधळते असे कृपा करून म्हणू नये. कुठे हिंडलीस, काय जेवलीस, हे आधी विचारावे. गुणांची चौकशी मागाहून. येत्या सप्टेंबरात ज्यांची मुले निघावयाची आहेत, त्यांनी अल्पोपाहारानंतर थांबावे. थंडीचे कपडे व राहण्याची जागा यांविषयी आम्ही माहिती देऊ. पायमोजे मात्र येथूनच भरपूर द्यावेत.