फोन आपला, करार कोणाचा?

(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत बोलायचे म्हणजे संस्थेच्या कार्याचा आढावा घ्यावा आणि देणगीदारांचे आभार मानावेत, अशी रीत आहे. ते काम आमचे चिटणीस अहवालात यथास्थित करतीलच. आम्हांस आज एका अगदी घरगुती व्यवहाराविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. तो व्यवहार म्हणजे फोनची खरेदी. विषय ऐकून काहींस हसू येईल. परंतु आमच्या शिष्यवृत्ती समितीस यावरून जो धडा मिळाला, तो ऐकल्यावर हा विषय या व्यासपीठावर का आणला, हे आपणांस पटेल.

निपाणीकडील एका विद्यार्थिनीची गोष्ट. आई विड्या वळते. मुलीच्या शिक्षणासाठी फोन हवा होता. रोकड एकदम जमेना, तेव्हा “हप्त्याने घ्या, सध्या सगळेच घेतात,” असा सल्ला आमच्यापैकीच एकाने दिला. फोन आला. दोन हप्ते वेळेवर गेले, तिसरा आजारपणात थकला. आणि एके सकाळी फोनचा पडदा बंद झाला. कर्ज देणाऱ्याने दुरूनच त्यास कुलूप घातले होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि अर्जासाठी लागणारा परवलीचा अंक त्याच फोनवर यावयाचा होता.

मुलगी रडत कार्यालयात आली. आम्ही तिच्या आईस विचारले, “बाई, सही कशावर केलीत?” त्या म्हणाल्या, “दुकानदार म्हणाला, व्याज नाही. म्हणून केली.” आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने त्या फोनातील सिम काढून स्वतःच्या फोनात घातले. पाचच मिनिटांत अंक आला आणि अर्ज वेळेत गेला. अर्ज गेला खरा, पण सल्ला आमचा होता, ही टोचणी आमच्या मनातून गेलेली नाही.

या प्रसंगातून दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी की, आपला नंबर यंत्रात नसतो, सिममध्ये असतो. दुसरी अशी की, यंत्र हातात आले म्हणजे ते आपले झालेच, असे नव्हे. या दोन गोष्टी ज्यास नीट समजल्या, त्यास फोनच्या बाजारात सहसा कोणी फसवू शकणार नाही.

मागे वळून पाहू. घरात काळा टेलिफोन असण्याचे दिवस ज्येष्ठ मंडळींस आठवत असतील. वर्षानुवर्षे वाट पाहून तो यावयाचा, आणि आल्यावरही ते यंत्र सरकारी खात्याचेच असावयाचे. आपण भाडे देणारे भाडेकरू. 1995 साली आपल्या देशात खिशातला फोन आला आणि यंत्र ग्राहकाच्या मालकीचे झाले. परदेशात मात्र दुसरीच चाल होती. अमेरिकेत 2007 साली पहिला आयफोन विकावयास आला तो एकाच कंपनीच्या सेवेसह, दोन वर्षांच्या कराराने. अशा करारांच्या इतर अनेक फोनांत यंत्र स्वस्त वाटे, पण किंमत मासिक बिलातून वसूल होई.

आपल्याकडेही तसे प्रयोग झाले. 2003 साली रिलायन्सने अवघे 501 रुपये घेऊन फोन देण्याची योजना काढली, तेव्हा दुकानांपुढे झुंबड उडाली. त्या सीडीएमए फोनात सिम नसे. कंपनी बदलली की यंत्र निरुपयोगी. पुढे 2017 साली जिओने 1500 रुपये अनामत घेऊन साधा फोन काढला, तोही त्याच कंपनीच्या सिमवर चालणारा. या योजनांनी गरिबाच्या हाती फोन दिला, हे नाकारता येणार नाही. पण बांधिलकी ती बांधिलकीच. सुदैवाने आपल्या बाजारात आज मिळणारे बहुतेक फोन मोकळे असतात. त्यांत कोणाचेही सिम घालावे.

आपल्या सीमाभागास या मोकळेपणाचे मोल अधिक. बेळगावचा माणूस सकाळी कोल्हापुरास जातो आणि रात्री घरी परततो. निपाणीकराचे दवाखाने, सोयरिकी, बाजार दोन्ही राज्यांत. दूरसंचाराच्या नकाशात मात्र कर्नाटक हे एक मंडळ आणि महाराष्ट्र व गोवा हे दुसरे. पूर्वी कोगनोळीच्या पुढे गेले की फोन ‘रोमिंग’ म्हणू लागे आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. म्हणून कित्येकांनी दोन सिमे बाळगली, काहींनी दोन फोन! 2017 च्या सुमारास कंपन्यांनी हा देशांतर्गत आकार काढून टाकला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 2011 च्या जानेवारीत आली, आणि 2015 च्या जुलैपासून दुसऱ्या मंडळात गेले तरी नंबर कायम ठेवता येऊ लागला. बेळगावची मुलगी पुण्यास सासरी गेली, तरी माहेरचा नंबर सोबत नेऊ शकते. सेवा पसंत पडली नाही तर इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ असे लिहून, पुढे आपला नंबर घालून 1900 या क्रमांकावर संदेश पाठवावा, आणि आलेला संकेतांक घेऊन नव्या कंपनीकडे जावे.

म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या कराराचे जोखड आपल्या मानेवर आज फारसे नाही. मग कोणाचे आहे? हप्त्याचे! आपल्या भागास हा प्रकार नवा नाही. ऊसतोड्यास उचल घेतल्यावर हंगामभर पाय बांधून घ्यावे लागतात, हे आपण पाहतो. याच निपाणीत 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले होते. घामाच्या पैशाचा हिशेब मागणारी ही भूमी; तिने फोनच्या दुकानात हिशेब विसरावा, हे बरे नव्हे.

हिशेब करून पाहू. समजा, एक फोन रोखीने 12,000 रुपयांस मिळतो. हप्त्याने घेतला तर सूट जाते आणि किंमत 12,800 होते. शिवाय कागदपत्रांचा आकार 500. सुरुवातीस 3,200 भरले आणि पुढे दरमहा 1,600 प्रमाणे सहा हप्ते. व्याज शून्य, असे पाटीवर लिहिलेले. पण रोखीच्या मानाने पदरचे 1,300 जादा गेले. खरे कर्ज पाहू जाता 8,300 रुपयांचेच होते, आणि फेडले 9,600. दरमहा शेकडा चारांहून अधिक व्याज पडले! जुना सावकारही इतके मागताना जरा इकडेतिकडे पाहत असे. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांस बजावले होते की, शून्य व्याज अशी काही चीजच नसते. ते व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते.

हप्ता सर्वस्वी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ज्याचा पगार ठरलेला आहे, त्याने हिशेब करून खुशाल घ्यावा. पण जिची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, तिने अंथरूण पाहून पाय पसरावे, हेच श्रेयस्कर.

आता खरेदीच्या वेळी काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. रोखीची किंमत आधी विचारावी, हप्त्याची मागाहून. वस्तू व सेवा कर दोन्ही राज्यांत सारखाच, म्हणून कर वाचेल या आशेने बेळगावहून कोल्हापुरास धावण्यात अर्थ नाही. दुकानदार सूट किती देतो, एवढेच पाहावे. पक्के बिल घ्यावे. फोनवर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही बटणे दाबली की 15 आकडी ओळखक्रमांक दिसतो. तो खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. जुना फोन घेताना तर हे केल्यावाचून पैसे देऊच नयेत. इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ लिहून पुढे तो क्रमांक घालून 14422 वर संदेश पाठवला, की यंत्राची माहिती कळते. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन, 2023 साली सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी सोयीने तो बंद पाडता येतो. बिलावर क्रमांक असेल, तर हे काम सोपे जाते. दुकानदार दाद देईनासा झाला, तर ग्राहकांसाठी 1915 हा क्रमांक आहे.

अमेरिकेतील भाचा-पुतण्या फोन आणतो म्हणाला, तर आनंदाने घ्यावा. पण तो तेथील कंपनीला बांधलेला नाही ना, हे आधी विचारावे. तेथे 2022 पासून निघालेल्या बहुतेक नव्या आयफोनांत सिम घालावयास जागाच नसते, हेही ध्यानात असावे.

शेवटी एक विनंती. संस्थेच्या विद्यार्थी निधीतून अशा खरेदीसाठी बिनव्याजी परतफेडीची लहानशी रक्कम बाजूस काढावी, आणि खरेदीस जाणाऱ्या कुटुंबाबरोबर आपल्यातील एक जाणता माणूस जावा, असे आम्ही सुचवतो. पहिली वर्गणी आमच्याकडून घ्यावी. त्या माउलीस दिलेल्या सल्ल्याचे ते प्रायश्चित्त समजावे. तिचे उरलेले हप्ते फिटले आणि फोन आता खरोखर तिच्या लेकीचा झाला आहे. ती मुलगी आज या सभेत मागील रांगेत बसली आहे. तिच्यासारख्या पुढच्या मुलीवर कार्यालयात रडत येण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे बोललो.